एम, थिअरी, कन्क्लूजन

(दृश्य: कॉलेजचा जिना. मांडीवर फाइल घेऊन लिहीत बसलेली मुलं.)

सबमिशनचा आठवडा आला, की पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात हेच चित्र. मांडीवर फाइल, बाजूला फोन. फोनच्या जागी पूर्वी सीनियरचं जर्नल असायचं, आता चॅटजीपीटी असतं. प्रयोगाचा एम (म्हणजे उद्देश), थिअरी, कन्क्लूजन, सगळं स्क्रीनवरून कागदावर उतरवायचं, तेही हाताने. कारण सरांना हस्ताक्षरातलंच लागतं. यंत्राने काही सेकंदांत लिहून दिलेलं उतरवायला तास जातो. मुलं स्वतःच यावर हसतात.

चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर 2022 मध्ये. 2025 मध्ये गूगलने भारतातल्या विद्यार्थ्यांना जेमिनी या आपल्या एआयची सशुल्क सेवा वर्षभर फुकट देऊ केली. मागोमाग महिना 399 रुपयांची चॅटजीपीटीची सशुल्क योजना, चॅटजीपीटी गो, हीही वर्षभर फुकट झाली. पैशाची अडचण संपली.

अपराधी वाटतं का? फाइलबद्दल विचाराल तर अजिबात नाही. जे कुणी वाचत नाही, ते कुणी लिहिलं याला काय अर्थ, असा मुलांचा सवाल आहे, आणि तो खोडून काढणं सोपं नाही. मिनी प्रोजेक्टचा विषय निघाला की मात्र आवाज जरा खाली येतो. कोड चालतो, पण तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, एका ओळीवर बोट ठेवून विचारतात, "ही काढली तर काय होईल?" मग ग्रुपमधले चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

(दृश्य: होस्टेलची खोली, रात्र.)

बारावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्यांची गोष्ट वेगळी. वर्गात इंग्रजीत शंका विचारायचा संकोच वाटतो, रात्री मोबाइलवर विचारता येतं, "डेडलॉक म्हणजे काय, सोप्या मराठीत सांग." नाही कळलं तर पुन्हा विचारायचं. कुणी हसत नाही, "एवढंही येत नाही?" म्हणत नाही. नकलेच्या आरडाओरड्यात हा उपयोग झाकला जातो, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. अर्थात, चुकीचं उत्तरही तेवढ्याच आत्मविश्वासाने येतं, आणि विषय नवा असेल तर चूक पकडणार कोण?

एम.ए., पीएच.डी.कडे भीती निराळी. विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) 2018 चे नियम वाङ्मयचौर्याचे. प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य त्यांना चालतं. पण यंत्राचा मजकूर सहसा कुणाच्या लेखनाशी शब्दशः जुळत नाही. म्हणून आता 'एआय टक्का', म्हणजे मजकुरातला यंत्राचा वाटा, मोजणारी सॉफ्टवेअर आली. त्यांचा भरवसा किती? यंत्राचा मजकूर ओळखायचं ओपनएआयचं, म्हणजे चॅटजीपीटीच्याच कंपनीचं, स्वतःचं साधन जानेवारी 2023 मध्ये आलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये बंद झालं. तरी आकडा दिसला की आरोप होतो. 2024 मध्ये हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठाने एआयचा ठपका ठेवून नापास केलेला कायद्याचा विद्यार्थी थेट उच्च न्यायालयात गेला. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केलं. या धास्तीपायी काही जण स्वतः लिहिलेला मजकूरही 'ह्युमनायझर'मधून, म्हणजे मजकूर माणसाने लिहिल्यासारखा करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढतात. आपलंच लेखन माणसाचं वाटावं म्हणून!

काही प्राध्यापकांनी पोलिसगिरी सोडून प्रश्नच बदललाय. यंत्राचं उत्तर उघडपणे जोडा आणि त्यातल्या चुका लाल पेनाने दाखवा, मार्क त्या लाल खुणांना. मुलं कुरकुरतात. चुका शोधायला पुस्तक उघडावं लागतं, आणि दोन दोन संध्याकाळी लायब्ररीत खर्ची पडतात.