सभागृहात एकटी : हेलन सुझमन

मित्रहो,

संसदेत एका मताची किंमत काय, याची चर्चा आपल्याकडे होते ती सरकार एका मताने पडते तेव्हा. आज ज्या बाईंविषयी मी बोलणार आहे, त्यांच्या मताने सरकार पडणे तर दूरच, सभागृहात पक्षाच्या एकट्या सदस्य असतानाच्या तेरा वर्षांत एक विधेयकसुद्धा अडले नाही. मंत्री त्यांना ज्यू म्हणून हिणवत, बाई म्हणून हिणवत. पण त्यांचा प्रश्न कामकाजपत्रिकेवर आला की उत्तर मंत्र्यांना द्यावेच लागे. दक्षिण आफ्रिकेच्या हेलन सुझमन यांचे मोठेपण मला या ‘द्यावेच लागे’मध्ये दिसते, म्हणून मी बहुतेक वेळ त्यावरच घालवणार आहे.

त्यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1917 चा, जोहान्सबर्गजवळच्या जर्मिस्टनमधला. आईवडील लिथुआनियातून आलेले ज्यू. आई त्यांच्या जन्मानंतर लवकरच गेली. पुढे शिक्षण, लग्न, दोन मुली आणि विटवॉटरस्रँड विद्यापीठात आर्थिक इतिहासाची अध्यापकी. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने शहरांतल्या कृष्णवर्णीय कामगारांविषयीच्या कायद्यांची चौकशी करायला फेगन आयोग नेमला. त्या आयोगापुढे मांडायच्या निवेदनाची तयारी करताना त्यांनी पासचे कायदे बारकाईने वाचले. सोळा वर्षांवरच्या कृष्णवर्णीय माणसाने कुठे राहायचे, कुठे काम करायचे, कोणत्या शहरात किती वेळ थांबायचे हे सारे त्या पासवर ठरत असे. पास जवळ नसला की अटक. अर्थशास्त्राची ही अध्यापिका राजकारणात आली ती या वाचनामुळे. भाषणबाजीची आवड हे त्याचे कारण नव्हते.

1948 मध्ये गोऱ्यांची नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे सरकारी धोरण झाले. 1953 मध्ये सुझमनबाई युनायटेड पार्टीच्या तिकिटावर जोहान्सबर्गच्या हाऊटन मतदारसंघातून निवडून आल्या. हा श्रीमंत गोऱ्यांचा मतदारसंघ होता, आणि हे आपण लपवायचे कारण नाही. युनायटेड पार्टी विरोधात असली तरी तिचा विरोध कचखाऊ होता. 1959 मध्ये तिच्यातले उदारमतवादी सदस्य बाहेर पडले आणि त्यांनी प्रोग्रेसिव्ह पार्टी काढली. 1961 च्या ऑक्टोबरात निवडणूक झाली. नव्या पक्षाचे बाकीचे सारे पडले. सुझमनबाई एकट्या वाचल्या, 564 मतांनी.

इथे एक मागचा धागा घेतो. त्या देशाच्या संसदेत बसलेल्या सुझमनबाई काही पहिल्या स्त्री नव्हेत. मार्गारेट बॅलिंजर यांनी 1937 पासून कृष्णवर्णीयांच्या प्रतिनिधी म्हणून तिथे काम केले होते. प्रतिनिधी म्हणजे कसे, तर मोजक्या कृष्णवर्णीय मतदारांनी गोऱ्या व्यक्तीला निवडून द्यायचे. सरकारने 1960 मध्ये तीही जागा रद्द केली. देशातल्या सर्वांत मोठ्या समाजाचे नावापुरतेही कुणी सभागृहात उरले नाही. सुझमनबाई एकट्या पडल्या त्या पुढच्याच वर्षी. ज्यांनी त्यांना मत दिले नव्हते, ज्यांना मतच नव्हते, अशा लाखोंचे गाऱ्हाणे त्यांच्या टपालात येऊ लागले.

त्या ‘लाखों’मध्ये आपलीही माणसे होती. रत्नागिरीकडच्या गावांतून गेलेली कोकणी मुसलमान कुटुंबे तेव्हा केपटाऊनमध्ये चांगली रुजली होती. संसदही केपटाऊनमध्येच. पण त्या सभागृहात आपला माणूस पाठवायची त्यांना सोय नव्हती. 1966 मध्ये केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा सगळ्या जातिधर्मांच्या लोकांनी गजबजलेला भाग ‘फक्त गोऱ्यांसाठी’ म्हणून जाहीर झाला आणि पुढच्या काळात तिथली घरे बुलडोझरखाली गेली.

आता कामाकडे येऊ. मोठ्या पक्षात एकजण अर्थखाते बघतो, दुसरा गृहखाते, तिसरा शेती. सुझमनबाईंचा पक्ष म्हणजे त्याच. पोलीस, तुरुंग, घरे, मजुरी, शिक्षण, प्रत्येक विधेयकावर अभ्यास करून उभे राहायचे. घर जोहान्सबर्गला, अधिवेशन हजारभर मैलांवर केपटाऊनला, आणि दरवर्षी कित्येक महिने.

त्यातला 1963 चा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न्यायमंत्री जॉन फोर्स्टर यांनी एक विधेयक आणले. पोलीस कुणालाही आरोप न ठेवता, वकील न देता, नव्वद दिवस कोठडीत ठेवू शकतील. नव्वद संपले की पुन्हा नव्वद. त्याच विधेयकात आणखी एक कलम होते. शिक्षा पुरी केलेल्या राजकीय कैद्यालाही मंत्र्याच्या हुकमाने आत ठेवण्याची मुभा. पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या वर्णभेदविरोधी संघटनेचे नेते रॉबर्ट सोबुक्वे यांची तीन वर्षांची शिक्षा त्याच सुमारास संपत होती. या कलमाच्या आधारे त्यांना 1969 पर्यंत केपटाऊनजवळच्या समुद्रातल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात डांबून ठेवले गेले. अशा विधेयकाला युनायटेड पार्टी, म्हणजे अधिकृत विरोधी पक्ष, अनुकूल झाला. सुमारे 160 जणांच्या सभागृहात विरोधाचे मत पडले एक. हे मत वाया गेले असे मी मानत नाही. तो कायदा एकमताने झाला, असे म्हणण्याची सोय त्या मताने कायमची गेली.

आणि प्रश्न. आपल्या विधिमंडळात तारांकित प्रश्न असतात तसेच तिथेही. दोन्हीकडची पद्धत एकाच ब्रिटिश वळणाची. पासच्या कायद्याखाली यंदा किती अटका झाल्या? विनाचौकशी किती जण कोठडीत आहेत? त्यांतले किती कोठडीत मेले? किती जणांना फाशी दिली? किती कुटुंबे उठवली आणि कुठे नेऊन टाकली? असे साधे, आकडा मागणारे प्रश्न. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर देऊन निसटता येते, आकडा विचारला की निसटणे अवघड होते. अध्यापिकेचे हे कसब त्यांनी संसदेत वापरले. एक मंत्री चिडून म्हणाले की तुम्ही हे प्रश्न परदेशात देशाची अब्रू घालवण्यासाठी विचारता. बाईंचे उत्तर प्रसिद्ध आहे : अब्रू माझ्या प्रश्नांनी जात नाही, तुमच्या उत्तरांनी जाते.

या उत्तरांना बाहेर मोठे मोल होते. सरकारने ज्याच्या बोलण्या-वावरण्यावर बंदी घातली त्या माणसाचे वाक्य छापणे हा तिथे गुन्हा होता. तुरुंगातल्या स्थितीविषयी छापायचे तर 1959 च्या तुरुंग कायद्याची टांगती तलवार. जोहान्सबर्गच्या ‘रँड डेली मेल’ने तुरुंगांवर लेखमाला छापली, तर संपादक आणि बातमीदार यांच्यावर वर्षानुवर्षे खटला चालला. पण सभागृहात बोललेले शब्द इतिवृत्तात जात, आणि तिथून ते वर्तमानपत्राला छापता येत. ज्या गोष्टी देशात कुणाला उच्चारता येत नव्हत्या, त्या मंत्र्याच्याच तोंडून, आकड्यांसकट बाहेर पडू लागल्या. वर्णभेदाच्या सरकारने संसदेचे सोपस्कार जपले होते, आपण सुसंस्कृत पाश्चात्त्य लोकशाही आहोत असे जगाला दाखवायचे होते म्हणून. सुझमनबाईंनी त्या सोपस्कारांना शब्दशः खरे मानले आणि सरकारला त्यांत अडकवले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचे सार हेच.

1967 मध्ये त्या रॉबेन बेटावर गेल्या. कैद्यांनी त्यांना शेवटच्या कोठडीकडे, नेल्सन मंडेलांकडे, पाठवले. मंडेलांनी गाऱ्हाणी सांगितली : अन्न, कपडे, अभ्यासाची सवलत, आणि हातावर नाझी स्वस्तिक गोंदवलेला एक क्रूर पहारेकरी. बाई परतल्या आणि त्यांनी मंत्र्यांना कळवले की या माणसाला हलवा, नाहीतर हे सभागृहात येईल. त्याची बदली झाली. पुढे मंडेलांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की आपल्या कोठड्यांत डोकावणाऱ्या या धीट बाईला पाहणे हे एक विलक्षण दृश्य होते.

या धिटाईची किंमत त्यांनी मोजली. फोन चोरून ऐकले जात, रात्री-अपरात्री शिव्यांचे फोन येत. 6 सप्टेंबर 1966 ला पंतप्रधान फरवूर्ट यांचा भर सभागृहात संसदेच्याच एका निरोप्याने भोसकून खून केला. त्या गोंधळात पी. डब्ल्यू. बोथा यांनी सुझमनबाईंकडे बोट रोखून ओरडून सांगितले की हे तुम्ही उदारमतवाद्यांनी केले. नंतर बोथांना माफी मागावी लागली. हेच बोथा पुढे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झाले.

आता त्यांच्यावरच्या आक्षेपांविषयी. ते टाळले तर मी त्यांच्याशीच अप्रामाणिक ठरेन. 1968 मध्ये सरकारने वेगवेगळ्या वर्णांच्या लोकांना एकत्र सदस्य करणाऱ्या पक्षांवर बंदी आणली. लिबरल पार्टीने ताठ मानेने स्वतःला विसर्जित केले. प्रोग्रेसिव्ह पार्टी फक्त गोऱ्यांची होऊन टिकून राहिली. त्या पक्षाचे धोरणही बराच काळ शिक्षण किंवा मालमत्तेची अट घालणाऱ्या मताधिकाराचे होते. सरसकट सर्वांना मत, ही भूमिका पक्षाने 1978 मध्ये घेतली. 1980 च्या दशकात बाईंनी दक्षिण आफ्रिकेवरच्या परदेशी आर्थिक निर्बंधांना विरोध केला, कारण रोजगार आधी कृष्णवर्णीय कामगाराचा जाईल असे त्यांना वाटे. मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला हे फार लागले. मला स्वतःला मताधिकाराच्या अटीचे समर्थन करता येत नाही. निर्बंधांबाबतही त्या चुकल्या असे मी मानतो. पण लिबरलांसारखे त्यांनीही घरी बसायला हवे होते का? तसे झाले असते तर ते प्रश्न विचारायला कोण उरले असते, एवढेच मी विचारीन.

1974 मध्ये त्यांच्या पक्षाचे संख्याबळ सातवर गेले. तेरा वर्षांनी शेजारी बसायला माणसे आली. 1977 मध्ये हाच गट नव्या नावाने अधिकृत विरोधी पक्ष झाला. पासचे कायदे 1986 मध्ये रद्द झाले. छत्तीस वर्षांनंतर, 1989 मध्ये त्या संसदेतून निवृत्त झाल्या. मंडेला सुटायला तेव्हा काही महिनेच बाकी होते.

1994 च्या एप्रिलमध्ये सर्वांसाठी पहिली निवडणूक झाली. ती पार पाडणाऱ्या स्वतंत्र निवडणूक आयोगाच्या त्या सदस्य होत्या. नव्या संसदेच्या अध्यक्षस्थानी फ्रीन जिनवाला आल्या, पारशी घराण्यातल्या, तीस वर्षे परागंदा राहून परतलेल्या. 1995 मध्ये घटना न्यायालयाने फाशी रद्द केली, ज्या फाशांचे आकडे बाई मंत्र्यांकडून वदवून घेत होत्या. 10 डिसेंबर 1996 ला मंडेलांनी शार्पव्हिलमध्ये, जिथे 1960 मध्ये पोलिसांनी पासविरोधी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या होत्या तिथे, नव्या राज्यघटनेवर सही केली तेव्हा त्या तिथे हजर होत्या.

त्यानंतर त्या गप्प बसल्या नाहीत. एड्सच्या औषधांबाबत मंडेलांनंतरचे राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांच्या सरकारने केलेली हयगय आणि झिंबाब्वेतल्या दडपशाहीकडे केलेला काणाडोळा, दोन्हींवर त्यांनी जाहीर टीका केली. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. 1 जानेवारी 2009 ला त्या गेल्या, आणि तोवर नव्या सरकारलाही त्यांच्या प्रश्नांची चांगली ओळख झाली होती.