आधी रेघ, मग अक्षर

[बडोदं, दांडिया बाजार, रविवार सकाळ. दुकानं बंद, वर एक खिडकी उघडी.]

पावणेसात वाजलेत. या दुसऱ्या मजल्यावर रिंगलाइट नाही. खिडकीतून येतो तेवढाच उजेड. फडताळाला क्लॅम्प लावून मोबाइल उलटा टांगलाय, त्याची नजर थेट टेबलावर. ताईंचा चेहरा त्यांच्या चॅनलवर कधीच दिसत नाही. दिसतात ते हात, बोरू आणि कागद.

[जुने व्हिडिओ, भराभर]

सुरुवात अशी नव्हती. लक्ष्मी विलास पॅलेस, शेव-उसळ, नवरात्रातला गरबा. बडोद्यात मोबाइल हाती असलेला जो तो हेच टिपतो, ताईंनीही टिपलं. हा सयाजीबागेजवळचा काळा घोडा, म्हणजे महाराजांचा पुतळा. त्यावर बसलेले सयाजीराव १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांचं शिक्षण खऱ्या अर्थाने इथेच सुरू झालं. रीलमध्ये यातलं काही नव्हतं. फक्त घोडा, आणि मागे त्या आठवड्यात चाललेलं गाणं.

[ट्रंक. लाल बासन. पिवळे कागद.]

मग ही ट्रंक उघडली. पणजोबांचे कागद निघाले. भाषा मराठीच, पण घरात एकालाही वाचता येईना. मोडी! पेशव्यांच्या दफ्तरांत, गायकवाडांच्या दरबारात रोजचं लिहिणं जिच्यात चाले, ती लिपी. ताई वर्गाला जाऊन शिकल्या आणि ठरवलं, दर रविवारी एक अक्षर. दुसरं काही नाही.

[बोरू तासताना, अगदी जवळून]

हे नीट बघा. बोरूचं टोक तिरकं तासायचं, मग मधोमध बारीक चीर द्यायची. चीर जास्त झाली तर शाई ओघळते.

[कागदावर हात]

देवनागरीत आपण अक्षरं लिहून वर रेघ देतो. मोडीत आधी रेघ, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग अक्षरं तिच्याखाली गुंफत न्यायची, हात होईल तितका कमी उचलायचा. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ नाहीच. आणि काही अक्षरांना काना जोडला की त्यांचं रूपच पालटतं, म्हणून एकाच अक्षराला कधी दोन-दोन रविवार लागतात. सगळं बडोदं दाखवायला निघाल्या होत्या तेव्हा दर आठवड्याला ‘आता काय करू’ हा प्रश्न असायचा. एका लिपीत शिरल्यापासून तो पडलेला नाही.

मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, फॉन्टही आहेत. ताई हातानेच लिहितात. वळण कुठून सुरू होतं आणि कुठे सुटतं, ते छापील अक्षरात दिसत नाही. इथे दिसतंय.

[भिंतीवरचं कॅलेंडर, व्हिडिओ गेलेल्या रविवारांवर फुल्या]

महिन्यातल्या एका रविवारी चार अक्षरं एकदमच शूट होतात. तेच टेबल, तोच कोन. आभाळ आलं तर काम पुढच्या रविवारवर. एडिट नोकरीवरून आल्यावर, रात्री. मग चारही व्हिडिओ यूट्यूबवर शेड्यूल करून ठेवायचे, रविवार सकाळ, आठ. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. त्यानंतरचा हा रविवार, १ सप्टेंबर. फुली आहे.

पैशांचं म्हणाल, तर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. सबस्क्रायबर झालेत, तास व्हायचेत. लोक आपल्या घरच्या कागदांचे फोटो पाठवू लागलेत.

[टेबल, वरून. भाच्याचा आवाज कॅमेऱ्यामागून.]

“मावशी, करू चालू?”

“थांब रे, शाई ढवळू दे.”

[बोरू दौतीत. कोरा कागद.]

“हं. कर.”

[रेघ. डावीकडून उजवीकडे, शेवटपर्यंत. फक्त बोरूचा आवाज.]