परत बसायचं का?

श्रोतेहो, नमस्कार.

नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की लातूरच्या बसस्टँडवर गाद्यांच्या वळकट्या आणि पुस्तकांची खोकी दिसू लागतात. काही खोकी गावाकडं निघालेली, काही गावाकडून परत आलेली. त्या दिवसांत घराघरांत एकच बोलणं चालू असतं: पोरानं यंदा परत बसायचं का? मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळं दरवर्षी हा प्रश्न माझ्या ओट्यावरही येऊन बसतो.

काही वर्षांपूर्वी औसा तालुक्यातले एक शेतकरी मुलीला घेऊन आले. पेरणीचे दिवस, चपला चिखलानं भरलेल्या. म्हणाले, "सर, चारशे सोळा पडले. भावकी म्हणती, अजून एक वर्ष द्या. तुम्ही सांगा, काय करावं?" मुलगी खाली मान घालून बसली होती. मी तिला विचारलं, प्रश्नपत्रिका आणलीस का? तिनं पिशवीतून काढून दिली.

नीटची प्रश्नपत्रिका घरी आणता येते. आपण गोळे काळे केलेल्या ओएमआर शीटची प्रत मिळते, बरोबर उत्तरांची यादी, म्हणजे आन्सर की, मिळते. बहुतेक घरांत हे कागद गुण मोजण्यापुरते उघडतात आणि मग कुणी त्यांच्याकडं बघत नाही. परत बसायचं की नाही, याचं निम्मं उत्तर तिथंच असतं, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

आम्ही लाल आणि हिरवं पेन घेऊन बसलो. पेपर एकशेऐंशी प्रश्नांचा, सातशेवीस गुणांचा. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. जीवशास्त्रात तिचे नव्वदपैकी बारा चुकले होते. त्यातले नऊ तिला तोंडी विचारले, तर नऊही बरोबर सांगितले. मग चुकले कसे? प्रश्न होता "अयोग्य विधान कोणतं" आणि तिनं घाईत योग्य विधानाचा गोळा काळा केला होता. अशा एका चुकीत चार जातात आणि वर एक वजा होतो. नऊ चुकांत पंचेचाळीस गुण गेले.

भौतिकशास्त्रात वीस चुकले होते. मी म्हटलं, "यातले तुक्के किती? खरं सांग." तिनं हळूहळू तेरा प्रश्नांवर खूण केली. ते नुसते कोरे सोडले असते तरी तेरा गुण वाचले असते. म्हणजे एक अक्षर नवीन न शिकता चारशे सोळाचे चारशे चौऱ्याहत्तर झाले असते. वडील हे सगळं ऐकत होते. त्यांनी बोटावर बेरीज करून पाहिली.

भौतिकशास्त्रातले राहिले अठरा प्रश्न, सात चुकलेले आणि अकरा सोडलेले. ते जवळजवळ सगळे दोन-तीन प्रकरणांतले होते, रोटेशनल मोशन आणि ऑप्टिक्समधले जास्त. अकरावी-बारावीत घरचं आजारपण निघालं आणि ते महिने वर्गात बसायलाच मिळालं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. असं नुकसान एका वर्षात भरून निघतं. तिनं परत बसायला माझी ना नव्हती.

दुसरा एक मुलगा चौथ्यांदा बसायचं का विचारायला आला होता. त्याच्या तिन्ही प्रश्नपत्रिका मी शेजारी शेजारी मांडल्या. तिन्ही वर्षी तीच प्रकरणं कोरी. दरवर्षी नवी बॅच, नवी खोली, नवी मेस, आणि अभ्यास पुन्हा पहिल्या धड्यापासून त्याच पद्धतीनं. मी त्याला गेटपर्यंत सोडायला गेलो आणि विचारलं, "तुला स्वतःला काय वाटतं?" बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "मला नको आहे सर. पण घरी कसं सांगू?" हे वाक्य तोंडून यायला त्याची तीन वर्षं गेली होती. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण पहिल्या वर्षी मीच त्याला "बस परत" म्हटलं होतं. तेव्हा मी त्याचे गुण विचारले होते, त्याला काय हवं ते विचारलं नव्हतं.

पालकांनो, नीटला कितीही वेळा बसता येतं. वयाची वरची अट 2022 मध्ये काढून टाकली. आयआयटीच्या प्रवेशासाठीच्या जेईई ॲडव्हान्सला लागोपाठ दोन वर्षं एवढीच मुभा आहे, तिथं नियमच थांबवतो. नीटमध्ये थांबायचं कधी, हे घरानंच ठरवायचं असतं.

आणि नुसत्या गुणांवर जाऊ नका, ऑल इंडिया रँक बघा. 2024 च्या पहिल्या निकालात सदुसष्ट जणांना सातशेवीसपैकी सातशेवीस होते. 2025 ला पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्याला सहाशे शहाऐंशी पडले. आधीच्या वर्षापेक्षा पन्नास गुण कमी पडूनही रँक वर गेलेली मुलं त्या वर्षी होती. "मागच्या खेपेपेक्षा कमीच पडले की" म्हणून त्यांना घरात बोलणी बसली असतील, तर तो अन्याय झाला.

हातात बीएएमएसची, म्हणजे आयुर्वेदाची, किंवा फिजिओथेरपीची जागा असेल, तर विचार आणखी वेगळा. प्रवेश घेऊन बाजूला नीटची तयारी करू, असं पुष्कळ जण म्हणतात. पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं आणि परीक्षा सांभाळून ते जमवणारी मुलं मी फार थोडी पाहिली. जागा सोडायची असेल तर तिचे नियम आणि शेवटची तारीख आधी वाचा.

परत बसणाऱ्या मुलाचं वर्ष फार एकटं जातं. बरोबरचे मित्र कॉलेजात, हा खोलीत. रोज संध्याकाळी फोन करा, पण "टेस्टमध्ये किती पडले" हा पहिला प्रश्न नको. जेवलास का, हे विचारा. मूल फारच गप्प झालं, झोप उडाली, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कधीही करता येतो, मराठीतही बोलता येतं.

त्या औशाच्या मुलीला मी त्या दिवशी हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही. दोन दिवस घे म्हटलं, आणि तिच्या वडिलांना म्हटलं, या दोन दिवसांत तिला कुणी काही विचारू नका. तिसऱ्या दिवशी ती एकटीच एसटीनं आली. वहीच्या पानावर तिनं प्रकरणांची नावं लिहिली होती आणि प्रत्येकापुढं महिना. रोटेशनल मोशनपुढं "जुलै" लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं: "एकच वर्ष. मग जे मिळेल ते." मी विचारलं, हे शेवटचं वडिलांनी सांगितलं का? ती म्हणाली, "नाही सर, मीच त्यांना सांगितलं."

नमस्कार.