पोचल्याचा फोन

(दृश्य: पहाट. धोपाव्याची जेटी. फेरीबोट धक्क्याला लागते आहे. भोंगा.)

वाशिष्ठी इथं समुद्राला मिळते. अलीकडे धोपावे, पलीकडे दाभोळ. सकाळच्या पहिल्या फेरीला दूधवाले असतात, शाळेची पोरं असतात, आणि आठवड्यातून एखादी अशी बॅग असते. सुतळीनं आवळलेली, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेली, वर जाड निळ्या अक्षरांत नाव आणि गाव. पलीकडे उतरलं की दापोली, तिथून मुंबई, मुंबईहून विमान.

बोट सुटली की काठावरून एकच वाक्य येतं. नीट ऐका, भोंग्याच्या मागून ऐकू येईल.

(आवाज: "पोचलास की फोन कर!")

या खाडीच्या दोन्ही काठांवरच्या गावांतून माणसं आखातात जायला लागली त्याला आता पन्नासेक वर्षं होतील. दुबई, शारजा, दोहा, कुवेत, जेद्दा. कोणी सुतार, कोणी वेल्डर, कोणी ड्रायव्हर, कोणी एखाद्या मोठ्या कंपनीच्या मेसमध्ये आचारी. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर उभी राहिलेली घरं रस्त्यावरूनही दिसतात. त्यांचा आवाज घरापर्यंत कसा पोचला, ते मात्र घरात शिरल्याशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही एका घरात शिरलो.

(दृश्य: पडवी. पत्र्याची ट्रंक उघडली जाते.)

या चाची. वय सत्तरीच्या पुढे. नवरा दुबईला गेला तेव्हा त्या विशीत होत्या, आता त्यांचे दोन मुलगे आखातात आहेत. नावं सांगत नाही. का, ते पुढे येईलच.

ट्रंकेत वर चादरी, खाली कॅसेट. आम्ही मोजल्या, 41 निघाल्या. बहुतेक 60 मिनिटांच्या, काही 90 च्या. ही एक जरा जवळून पाहू. कागदी पट्टीवर उर्दूत तारीख आहे, खाली बॉलपेननं मराठीत 'घरी'. उलटवली की दुसऱ्या बाजूला वेगळ्या अक्षरात 'दुबई'. पहिल्या बाजूवर नवऱ्यानं तिकडं बसून बोलायचं. सुट्टीवर गावाकडं निघालेल्या कुणाच्या तरी हाती कॅसेट द्यायची. इकडं ती घरभर ऐकून झाली की चाचींनी दुसऱ्या बाजूवर बोलायचं, सासूनं बोलायचं, पोरांनी पाढे म्हणायचे, आणि कॅसेट परत जाणाऱ्याच्या बॅगेत. एका संभाषणाला दोन महिने लागायचे, कधी चार.

पोस्टाचा खर्च नाही, फोनचा नाही. लिहिता-वाचता येण्याचीही गरज नाही. टेपरेकॉर्डर तेवढा लागायचा, आणि आखातातून पहिल्या सुट्टीला येणारा माणूस बहुधा तो घेऊनच यायचा.

(आवाज: कॅसेटची खरखर. पुरुषाचा आवाज, दहा सेकंद. निवेदन थांबवा.)

फोन तेव्हा नव्हता असं नाही. ट्रंक कॉल होता. एक्स्चेंजला सांगून कॉल 'बुक' करायचा आणि वाट बघायची. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार होते. लाइटनिंग कॉल ताबडतोब लागायचा, पण त्याला साध्याच्या आठपट पैसे. त्यामुळे गावात ट्रंक कॉल आला म्हणजे बाजारपेठेतल्या त्या एका दुकानाकडं धावणाऱ्या माणसाचे पाय आधीच लटपटायचे. खुशाली विचारायला ट्रंक कॉल कोण करणार?

(दृश्य: लग्नपत्रिकांचा जुना गठ्ठा.)

या पत्रिकांवर खाली कोपऱ्यात फोन नंबर आहे आणि कंसात 'पी.पी.' नंबर शेजारच्याचा किंवा दुकानदाराचा, निरोप आपला. आमच्या पिढीतल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. पण आज वीस वर्षांच्या असलेल्यांसाठी सांगतो: एका गावात एक फोन, आणि तो सगळ्या गावाचा.

(दृश्य: मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मागच्या भिंतीला टेकवलेला पिवळा बोर्ड.)

हा बोर्ड बघून आम्ही गाडी थांबवली. पिवळ्यावर काळी अक्षरं. एसटीडी, आयएसडी, पीसीओ, म्हणजे परगावी आणि परदेशी फोन करायचं सार्वजनिक बूथ. मालकांनी तो टाकलेला नाही. दुकानात आता स्क्रीनगार्ड आणि चार्जर विकले जातात, बोर्ड मात्र मागे उभा आहे.

1984 मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था सुरू झाली. सॅम पित्रोदा हे नाव तिच्याशी जोडलेलं आहे. खेड्यांसाठी या संस्थेनं 128 लाइनींचं एक छोटं एक्स्चेंज तयार केलं, त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. कोकणातल्या दमट उकाड्यात, कौलारू खोलीत ते चालायचं. पुढच्या काही वर्षांत देशभर हे पिवळे बोर्ड लागले.

बूथचे मालक सांगतात, सगळ्यात जास्त गर्दी शुक्रवारी. तिकडं तेव्हा आठवड्याची सुट्टी शुक्रवारची. जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं की तिकडून फोन सुरू. इकडं बाकावर बायका आधीच येऊन बसलेल्या. दिसतोय तो हाच बाक. ज्या घरून कोणी आलेलं नसेल तिथं पोऱ्या पाठवायचा. बोलावण्याचे दोन रुपये, लांबची वाडी असेल तर पाच. फोन तिकडून आलेला, त्यामुळे इकडचं मीटर बंद. तरीही बायका त्या लाल आकड्यांकडं बघत घाईघाईनं बोलायच्या, असं ते म्हणतात. काचेच्या केबिनमध्ये, मागे दहा माणसं उभी असताना, नवऱ्याशी काय बोलायचं? पावसाचं, आंब्याचं, पोरांच्या तापाचं.

इकडून तिकडं लावायचा तर परवडायचंच नाही. परदेशी फोनची सगळी लाइन तेव्हा एकट्या विदेश संचार निगमच्या हाती होती. 1 एप्रिल 2002 ला ही मक्तेदारी संपली. त्याच दिवसापासून आपल्या देशात इंटरनेटवरून फोन करायला परवानगी मिळाली. दर उतरायला लागले. 2003 मध्ये मोबाईलवर येणाऱ्या कॉलचे पैसे लागणं बंद झालं, आणि मग घराघरातून एकेक साधा मोबाईल आला.

(दृश्य: पलंगावर पसरलेली कॉलिंग कार्डं. वरून घेतलेला शॉट.)

ही कार्डं चाचींच्या धाकट्या दिरानं जपून ठेवली आहेत. एकवीस वर्षं दुबईत काढून ते 2014 ला कायमचे परतले. आमच्यासाठी त्यांनी ती अशी पलंगावर मांडली, ताजमहाल असलेली एका बाजूला, विमान असलेली दुसऱ्या बाजूला.

कार्ड कसं वापरायचं, ते त्यांच्याच हातांनी बघू. नाण्यानं करडी पट्टी खरवडायची. खाली लांबलचक आकडा. कार्डावरचा फुकट नंबर फिरवायचा. भाषा निवडायची. मग तो आकडा एकही चूक न करता दाबायचा. मग शून्य शून्य एक्क्याण्णव, मग घरचा नंबर. यंत्रातली बाई सांगणार, तुमच्याकडं इतकी मिनिटं आहेत. ती मिनिटं कधी पुरी मिळत नसत. कॉल जोडल्याचे वेगळे कापले जायचे. पाच सेकंद वर गेले की पूर्ण मिनिट धरायचं. एकदा वापरलेलं कार्ड ठरावीक दिवसांत संपायचं, मग पैसे उरलेले असोत वा नसोत. म्हणून हे काका एका कार्डावर एकच लांब कॉल करायचे, तोडून तोडून कधीच नाही. खोलीतल्या सहा जणांनी मिळून कार्ड आणायचं आणि एकापाठोपाठ एक बोलून संपवायचं, हाही एक हिशेब. कुठल्या कार्डाला रात्री किती मिनिटं मिळतात, याचा तक्ता त्यांच्या खोलीच्या दारामागे चिकटवलेला होता.

संयुक्त अरब अमिरातीत तेव्हा एकच कंपनी, एतिसलात. दुसरी, डू, 2007 ला मोबाईलमध्ये उतरली. कामगारांच्या वस्त्यांमधून मग स्वस्त कॉल विकणारेही उभे राहिले. आपला आवाज तुकडे करून इंटरनेटवरून भारतात पाठवायचा, इथं एखाद्या खोलीतल्या यंत्रात सिमकार्डं घालून ठेवलेली, तिथून तो साध्या लोकल कॉलसारखा बाहेर पडायचा. म्हणून दुबईचा फोन घरी यायचा आणि पडद्यावर भलत्याच भारतीय मोबाईलचा नंबर दिसायचा. दोन्ही देशांत हे बेकायदा. विकणारे पकडले गेले, काहींना परत धाडलं गेलं.

(दृश्य: जुना बटणांचा मोबाईल, चाचींच्या हातात.)

आणि ज्यांच्याकडं कार्डालाही पैसे नव्हते त्यांचा मिस्ड कॉल. आधी रिंग मोजायचं ठरलं होतं, पण ते जमेना. तिकडं कानात वाजणारी रिंग आणि इकडं घंटी, दोन्ही एका वेळी वाजतच नाहीत. तिकडं दोन मोजून ठेवलं तर इकडं कधी एक, कधी तीन. मग चाचींनीच उपाय काढला. रिंग नाही, कॉल मोजायचे. एक मिस्ड कॉल: ठीक आहे. लागोपाठ दोन: पैसे पाठवलेत. तीन: शेजारच्या काकांच्या फोनवर फोन करतोय, तिथं जाऊन बस. या तीन खुणांवर या घरानं सहा वर्षं काढली. पैसे शून्य.

(दृश्य: चाचींचा आताचा फोन. पडद्यावर दोन मुलांचे गोल फोटो, शेजारी शेजारी.)

आता इथं थांबू, कारण हे चित्रण खरं तर याच दोन फोटोंसाठी केलं आहे.

डावीकडं मोठा, जेद्दाला. उजवीकडं धाकटा, दुबईला. दोघांकडं तोच व्हॉट्सॲप. 2015 ला त्यात बोलायची सोय आली, 2016 च्या नोव्हेंबरात चेहरा बघायची. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि डाटा खेड्यापर्यंत स्वस्त झाला. सौदीनं 2017 च्या सप्टेंबरात इंटरनेट कॉलवरची बंदी उठवली, पण व्हॉट्सॲपचे कॉल तिथं त्यानंतरही बराच काळ अडलेलेच होते. आता मोठा मुलगा रोज दिसतो. जेवताना दिसतो, दाढी करताना दिसतो.

धाकट्याच्या फोटोवर बोट ठेवा, कॅमेऱ्याचं चिन्ह दाबा.

(आवाज: घंटी वाजत राहते. चौदा सेकंद. निवेदन नाही.)

अमिरातीत व्हॉट्सॲपवर लिहिलेलं जातं, फोटो जातो, रेकॉर्ड केलेला आवाज जातो. कॉल जुळत नाही. तिथल्या नियमानं इंटरनेटवरून फोनची सेवा देणं हा परवाना असलेल्या कंपन्यांचा हक्क आहे, आणि बाहेरच्या ॲपला त्यांच्यामार्फतच यावं लागतं. 2018 मध्ये बोटीमसारख्या ॲपला वाट मिळाली, ती महिन्याला 50 दिरहमच्या पॅकेजवर. आजच्या भावानं अकराशे रुपयांच्या वर. दोन हजार दिरहम मिळवणाऱ्याला ते चालून जातं. हजाराच्या आत पगार, त्यातून घरी, त्यातून मेस, त्यातून एजंटचं कर्ज फेडणाऱ्याला विचारा. अमिरातीत 35 लाखांहून जास्त भारतीय राहतात. त्यांच्या पगाराबद्दल, खोल्यांबद्दल, पासपोर्टबद्दल बोललं जातं, बोलायलाच हवं. आईशी बोलण्याचा खर्च हाही मजुरीचाच प्रश्न आहे आणि दोन सरकारांच्या बैठकीत तो त्याच कागदावर लिहिला जायला हवा, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

(दृश्य: खोली. वरखाली पलंग, दोरीवर कपडे, खिडकीत कूलर. मोबाईलवर घेतलेलं हलतं चित्रण.)

हे सोनापूर. दुबईतली कामगारांची वस्ती. चित्रण धाकट्यानंच केलं आणि पाठवलं, चाळीस सेकंदांचं. खोलीत आठ जण. त्यांतला प्रत्येक जण घरच्या फोनसाठी वेगळी युक्ती करतो. 2019 ला टोटॉक नावाचं ॲप फुकट चाललं, वस्तीच्या वस्तीनं घेतलं, त्याच डिसेंबरात ते गूगल आणि ॲपलच्या दुकानांतून काढलं गेलं. काहींनी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर आपला ठिकाणा लपवणारी सोय, लावून व्हॉट्सॲप चालवलं. व्हीपीएनच्या आडून गुन्हा केला असं ठरलं तर तिथल्या कायद्यात 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड आहे. नावं का सांगत नाही, ते आता कळलं असेल.

कोरोनाच्या काळात झूम, टीम्स, गूगलची मीटिंग यांना परवानगी मिळाली. पुढे एतिसलातच्या कंपनीनं 2022 मध्ये गोचॅट आणलं, त्यावर बोलणं फुकट. म्हणजे कायद्यात बसणाऱ्या, बिनपैशाच्या वाटा आज आहेत. अडचण इकडच्या टोकाला आहे. तिकडचा मुलगा ॲप घेतो, पण त्याच्या आईकडं ते कोण घालून देणार? पासवर्ड, ओटीपी, इंग्रजीतली परवानगीची चौकट.

(दृश्य: पडवीत चाची, शेजारी कॉलेजात जाणारी नात. फोनवर दोघींची डोकी.)

नात घालून देते. आम्ही तिथं होतो त्या दुपारी तिनं गोचॅट घेतलं, आजीच्या अंगठ्याला ते कुठं आहे ते तीनदा दाखवलं. संध्याकाळी लागला. हे बघा.

(दृश्य: पडद्यावर हेल्मेट घातलेला चेहरा. आवाज पूर्ण. निवेदन नाही. तीस सेकंद.)

तुमच्या गावात, तुमच्या इमारतीत असं एखादं घर असेल तर तुम्हीही एक संध्याकाळ द्या. फोन घ्या हातात, ॲप घाला, दोनदा लावून दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे.

(दृश्य: सकाळ. पडवी. पाऊस.)

दुसऱ्या दिवशी निघताना पाहिलं तर चाची व्हॉट्सॲपच उघडून बसल्या होत्या. दिवसा मुलगा साइटवर असतो, फोन उचलता येत नाही. शिवाय फोनवरचं बोललेलं विरून जातं, रेकॉर्ड केलेलं परत परत लावता येतं, असं त्या म्हणाल्या. माइकच्या चिन्हावर अंगठा दाबून धरला. पाऊस लागला म्हणाल्या. परसातला फणस कुणाकुणाला दिला ते सांगितलं. नातीला मध्ये घेतलं.

एक मिनिट बावीस सेकंद. अंगठा उचलला.

इथं पावणेअकरा झालेत, तिकडं सव्वानऊ. तो रात्री ऐकेल.

(दृश्य: फोन ट्रंकेवर. पाऊस. आवाज हळूहळू कमी.)