वीस ते पन्नास केबी

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं झेरॉक्सचं दुकान. संध्याकाळ. पायरीवर चपलांचा ढीग.)

आज फॉर्मची शेवटची तारीख आहे. तसं कुणी सांगायची गरज नाही, पायरीवरच्या चपला बघितल्या की कळतं.

आत एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, भिंतीला खिळ्यांवर ताणून बसवलेला पांढरा पडदा. काउंटरवर स्टॅम्पपॅड आणि शाई पुसून पुसून निळं झालेलं फडकं.

"दादा, फोटो घेतच नाहीये. साइज मोठी आहे म्हणतंय."

"कुठली साइज? पिक्सेल की केबी?"

मुलगी गप्प. मागे उभी असलेली चार जणंही गप्प.

गोंधळ इथूनच सुरू होतो. फॉर्म दोन वेगळ्या गोष्टी मागत असतो आणि आपण दोन्हींना साइजच म्हणतो. एक असतं माप, म्हणजे फोटो किती ठिपके (पिक्सेल) रुंद आणि किती ठिपके उंच. दुसरं असतं वजन, म्हणजे फाइल किती केबीची. कापड मीटरवर घ्यायचं आणि साखर किलोवर, एवढा साधा फरक. पण लाल अक्षरांतली एरर तो सांगत नाही.

(दृश्य: स्क्रीनवर बँक भरतीचा अर्ज.)

बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएस जी परीक्षा घेते, तिच्या सूचनांमधले आकडे दादांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४०. शिवाय स्वतःच्या हातानं, इंग्रजीत लिहिलेलं प्रतिज्ञापत्र.

मुलीच्या मोबाइलमधला फोटो ३००० पिक्सेल रुंद आणि ४००० उंच आहे. एकूण एक कोटी वीस लाख पिक्सेल. अर्जाच्या चौकटीत मावतात ४६ हजार. म्हणजे २६० ठिपक्यांमागे एक उरणार. तो कुठला उरावा, हे ठरवणं म्हणजे दादांचं काम.

ते आधी क्रॉप करतात, म्हणजे कडेचं नको ते कापतात, मग रिसाइज. क्रॉप न करता अख्खा फोटो लहान केला, तर मागचा पंखा, दाराची कडी, दोरीवरचा टॉवेल, सगळेच त्या ४६ हजारांत वाटेकरी होतात आणि चेहऱ्याच्या वाट्याला तांदळाएवढी जागा येते.

आता एक खोच. आपला नेहमीचा पासपोर्ट फोटो असतो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर. तो २०० पिक्सेल रुंद केला की उंची येते २५७. अर्जाला हवी २३०. हे २७ पिक्सेल कुठे घालवायचे? घाईत असलेला माणूस पेंट उघडतो, 'मेंटेन अ‍ॅस्पेक्ट रेशो'ची, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण राखायची, टिकमार्क काढतो आणि दोन्ही आकडे ठोकून मोकळा होतो. फोटो चौकटीत बसतो, फॉर्मही तो घेतो. फक्त चेहरा उंचीच्या मानानं जवळजवळ बारा टक्क्यांनी रुंद होतो. तोच फोटो पुढे हॉल तिकिटावर छापून येतो आणि घरचे विचारतात, "गाल का सुजलेत गं?"

दादा ते २७ पिक्सेल खालून, शर्टाच्या बटणांपाशी कापतात. डोक्यावरची थोडी मोकळी जागा तशीच ठेवतात. पूर्वी ते एका फोटो स्टुडिओत कामाला होते, आठ फोटोंची शीट कटरवर कापायचे. कात्री कुठे लावायची नाही, हे त्यांना तेव्हापासून माहीत आहे.

(दृश्य: फोटो इतका मोठा केलेला, की चौकोन दिसू लागतात.)

माप झालं, आता वजन. ४६ हजार ठिपक्यांचे रंग जसेच्या तसे लिहून ठेवले, तर फाइल साधारण १३५ केबीची होते. ती पन्नासच्या आत आणतं जेपेग, म्हणजे फोटोची फाइल आवळून लहान करायची पद्धत. हे मानक १९९२ चं, पण त्याच्या पोटातलं गणित त्याहून जुनं. बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्ससमध्ये शिकवत होते. १९७२ मध्ये त्यांनी या गणिताच्या कल्पनेवर काम करायला अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. तरी ते थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला.

जेपेग फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनात सावकाश बदलणारा रंग किती आणि बारीक बारीक चढउतार किती, हे या गणितानं वेगळं होतं. मग चाळणी लागते. डोळ्याला सहसा जाणवत नाहीत असे बारीक चढउतार गाळले जातात. सेव्ह करताना जो 'क्वालिटी'चा आकडा विचारतात, तो म्हणजे चाळणीचं भोक. गालावर, कपाळावर काही कळत नाही. भुवया, दाढी आणि सहीची रेघ मात्र लगेच चुगली करतात.

आणि गाळलेलं परत येत नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो बघून दादांच्या कपाळाला आठी पडते. तो वाटेतच एकदा चाळून आलेला असतो. "डॉक्युमेंट म्हणून पाठव," ते म्हणतात, "फोटो म्हणून नको."

सहीची तऱ्हा उलटी. पांढऱ्या कागदावर एक काळी रेघ, त्यात गाळायला आहे काय? १४० बाय ६० म्हणजे जेमतेम ८,४०० पिक्सेल. नेहमीसारखी सेव्ह केली, तर फाइल सहज दहा केबीच्या खाली जाते आणि फॉर्म म्हणतो, साइज कमी आहे! मघाशी जास्त, आता कमी. रडकुंडीला आलेली पोरं इथेच दिसतात. दादांचा पहिला उपाय साधा आहे, क्वालिटी शेवटच्या टोकाला न्यायची. सहीवर चाळणी जवळजवळ लावायचीच नाही.

नियम करणाऱ्यांनी अशी सही एकदा तरी स्वतः अपलोड करून बघितली असेल का, अशी मला शंका येते.

घाईला आलेले लोक 'केबी कमी करा' असं शोधतात आणि पहिली सापडेल ती वेबसाइट उघडतात. फोटो, सही, अंगठा, सगळं एका दमात अनोळखी सर्व्हरवर. दादा हे कॉम्प्युटरवरच करतात, इंटरनेट न लावताही होतं. त्यांच्या डेस्कटॉपवर मात्र 'साइन न्यू', 'साइन फायनल', 'फायनल २' अशा फाइलींची गर्दी आहे. दुकान बंद करताना तो फोल्डर रिकामा करायचा, असा त्यांचा नेम आहे. चुकतोही कधीकधी, हे त्यांनी हसत कबूल केलं.

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. साडेनऊ.)

मुलीचा फोटो बसला, ४१ केबी. अंगठाही बसला. सही मात्र फिकी येतेय. बॉलपेनची रेघ १४० पिक्सेलांत विरून जातेय.

दादा ड्रॉवरमधून काळं जाड पेन काढतात, कोरा कागद पुढे सरकवतात.

"मोठी कर. आणि कॅपिटलमध्ये नको, ते घेत नाहीत."

ती कागदावर वाकते. मागच्या रांगेतला मुलगा खिशातून घडी घातलेला कागद काढतो, त्यावरची आपली निळी, बारीक सही बघतो आणि घडी परत खिशात घालतो.

"दादा, ते पेन मलापण लागेल."