पहाटेचा माग

(अंधार. लाटांचा आवाज.)

पहाटेचे पाच वाजलेत. गुहागरचा किनारा अजून काळाकुट्ट आहे आणि सुरूच्या बनातून तो बॅटरीचा उजेड हलत हलत येतोय ना, तो कासवमित्राचा. हातात काठी, खांद्यावर रिकामी गोणी. नोव्हेंबर ते मार्च हेच रूटीन, थंडी पडो नाहीतर घरात लग्न असो.

तो बघतोय माग. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री अंडी घालायला वर येऊन गेली की वाळूत असा पट्टा उठतो, कुणीतरी भरलेलं पोतं ओढत नेल्यासारखा. माग जिथे गोंधळतो तिथे काठी हळूच टोचायची, वाळू भुसभुशीत लागली की समजायचं इथेच. दीड फुटावर शंभर-सव्वाशे अंडी असतात. उशीर झाला तर कोल्हेकुत्री आधी पोचतात (पूर्वी माणसंही पोचायची, ते कशाला लपवा). मग ती अंडी अलगद हॅचरीत, म्हणजे अंडी राखून उबवायच्या जागेत, नेऊन तेवढ्याच खोल, मडक्यासारख्या खड्ड्यात पुरायची, वहीत तारीख आणि आकडा टाकायचा आणि साधारण पन्नास दिवस वाट बघायची.

(गोणीचा क्लोजअप.)

आणि गोणी? जाताना माग, येताना कचरा. बाटल्या, थर्माकोल, चपला... चपला कायम एकाच पायाच्या का मिळतात देव जाणे. पण सगळ्यात आधी उचलायचे ते नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, कारण ते परत पाण्यात गेले की त्यात कासवं अडकतात.

वही म्हणजे नुसते कागद रंगवणं वाटेल. पण जानेवारी २०२५ मध्ये इथेच एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पायाला टॅग, नंबर ०३२३३. हा टॅग लावला होता २०२१ मध्ये, ओडिशात गहिरमाथ्याला! म्हणजे ही बया बंगालच्या उपसागरातून निघून बाळंतपणाला कोकणात आली, श्रीलंकेला वळसा घालून की रामसेतूच्या अंगाने, ते तिचं तिला ठाऊक. तोवर पूर्वेकडची कासवं वेगळी न् आपली वेगळी असंच धरून चालायचे. कुणीतरी वाकून नंबर वाचला म्हणून कळलं.

(उजाडतंय.)

आज माग नाही. तरी वहीत तारीख पडली, पुढे शून्य. गोणी मात्र गच्च भरलीय, ती रस्त्यापर्यंत ओढत न्यायचीय आणि कचऱ्याची गाडी काही आठच्या आत यायची नाही, तोवर चहा.