बंब कोण पेटवणार?

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी मुलांच्या वर्गात ‘वाफराष्ट्रा’ची घटना भिंतीवर लागली. गणपतीच्या देखाव्यासाठी मुलांनी वाफेवर चालणारा एक आख्खा देश रचलाय. राजधानी पुणे, झेंडा, नाणी, चौदा मंत्री. सात वर्षांची एक मुलगी यादी वरपासून खालपर्यंत वाचून म्हणाली, “पण बंब कोण पेटवणार?” वर्गात आपण मोठी माणसं बरीच होतो. उत्तर कुणीच दिलं नाही.

देशाचा जन्मकाळ मुलांनी फार विचारानं निवडलाय. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ साली सुरू झाली, पण बोरघाटातून रूळ जोडले गेले ते १८६३ साली. मधली पाच वर्षं उतारू पालखीतून नाहीतर तट्टावरून घाट ओलांडत. वर वाफ, खाली वाफ, मधे घाट. वाफराष्ट्र त्या फटीत जन्मलं. मुंबईहून यंत्राचा सुटा भाग यायचा तर घाट चढून यायचा. तोवर थांबा, नाहीतर कसब्यातल्या तांबट आळीत घडवून घ्या. तिथली ठोक्यांची लय इथे किती जणांच्या कानात अजून आहे, हे विचारायची गरज नाही.

आणि आपल्या घरचा पाणी तापवायचा बंब म्हणजे या देशाची पहिली शाळा. मधे नळी, खाली जाळी, वरून गार पाणी, तोटीतून कढत. घरोघरी एकच नियम होता: पाणी असल्याशिवाय जाळ घालायचा नाही. कोरडा बंब तापला की डाख, म्हणजे सांध्यातला धातूचा जोड, वितळतो. बॉयलरचंही तेच, फक्त दंड मोठा. भट्टीच्या छतावरचं पाणी उतरलं की तो पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि आतला दाब त्याला फाडतो. बाहेरच्या हवेहून ७ बार जास्त दाबाखाली (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) पाणी १७० अंशांवर असतं. फट पडताच त्यातला साधारण आठवा भाग क्षणात वाफ होतो, आणि एक लिटर पाण्याची मोकळी वाफ सोळाशे लिटरांहून जास्त जागा मागते. म्हणून पाण्याची पातळी दाखवणारी काच, सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि छतात बसवलेली शिशाची गुडदी. पत्रा जळण्याआधी ती वितळते आणि वाफ भट्टीत सोडून आगवाल्याला सावध करते.

बंब तांब्याचा असला तरी मोठ्या बॉयलरचं कवच लोखंडाचं नाहीतर पोलादाचंच हवं, हे मुलांना समजावलं पाहिजे. तापलेल्या तांब्याची ताकद घटते.

जळणाचा हिशोब मुलांनी स्वतः मांडला, त्याचं मनापासून कौतुक. पुण्याखाली काळा पाषाण आहे, कोळसा नाही. तेव्हा त्यांनी गुऱ्हाळाकडे पाहिलं. तासाला १०० किलो वाफ हवी तर चांगला कोळसा साधारण १५ किलो लागतो. उसाचं ओलसर चिपाड ४५ किलोंच्या घरात. म्हणजे भट्टी मोठी, जाळी रुंद, आणि ओतणारा माणूस सतत उभा. पुन्हा तोच प्रश्न!

सगळ्यात सुंदर आहे ती त्यांची एकादशी. विहिरीच्या जड पाण्याचे क्षार पत्र्यावर खपलीसारखे बसतात, उष्णता अडते, पत्रा जळतो. म्हणून दर पंधरवड्याला बॉयलरचा उपास. आग विझवायची, सावकाश थंड करायचं, गाळ धुऊन काढायचा, पहाटे मंद जाळावर पुन्हा धरायचं. मोठ्या बॉयलरला थंडगार अवस्थेतून दाबावर यायला कित्येक तास लागतात. घाई केली की एक भाग आधी फुगतो, दुसरा मागे राहतो, नळ्यांचे सांधे गळू लागतात. पहाटे उठणाऱ्याच्या मानाचा एक सण त्यांनी ठेवलाय. तो माणूस मात्र यादीत नाही.

इथे पालकांशी थोडं बोलायचंय. ‘स्टीमपंक’, म्हणजे वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या कल्पित जगाच्या गोष्टी, हा इंग्रजी विज्ञानकथेतला शब्द १९८७ सालचा. त्यातले गॉगल आणि दातेरी चाकं मुलांना आवडणारच. पण पुणेरी पगडीवर पितळी चाक चिकटवून फोटो काढण्यात आपण तीन शनिवार घालवले. ते चाक कशाला जोडलंय, कुणी विचारलं नाही. आपलं मूल मंत्री व्हावं म्हणून फोन झाले. आगवाला, तांबट, फिटर व्हावं म्हणून एकही नाही. मुलं हे आपल्याकडूनच शिकतात. तिकडे तांबट आळीतही मुलं बापाच्या ऐरणीपाशी बसेनाशी झालीत, आणि इकडे ‘मठारणं’ (भांडं ठोक्यांनी घट्ट करणं) हा शब्द वर्गात एकाही मुलाला ठाऊक नव्हता. त्या शब्दाबरोबर हातातलं काय जातं, ते भरून कसं काढायचं, हे उमगत नाही.

देखाव्यात खरा बंब ठेवायचा ठरलंय, पाणी भरून, पण न पेटवता. घटनेच्या तक्त्यावर त्या मुलीनं मंत्र्यांच्या खाली पेन्सिलीनं एक ओळ आखली आहे: ‘बंबवाले’. पुढची जागा कोरी आहे, पेन्सिल तिथेच दोरीला बांधलेली आहे.